यादीत नाव नाही

१४ एप्रिल २०२०, टूवूंबा

परतीचं विमान चार तारखेला सुटायचं होतं. ते सुटलं नाही, आणि आता कधी सुटेल ते कुणीच सांगत नाही. तीन महिन्यांसाठी ऑस्ट्रेलियात लेकाकडे, शैलेंद्रकडे, आलेला माणूस मी. व्हिसा वाढवून घेतला, औषधांची सोय शैलेंद्रने केली, थंडी सुरू झाली तसा स्वेटरही त्याचाच घालतो. बायको, सरिता, चिंचवडला एकटी आहे. तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू डिसेंबरात काढला. डाव्याचा मी परतल्यावर काढायचा होता, म्हणून ती माझ्याबरोबर आलीच नाही. आता ते ऑपरेशनही लांबलं.

शैलेंद्र हॉस्पिटलातून आला की गॅरेजमध्ये कपडे बदलतो आणि मागच्या खोलीत वेगळा राहतो. सून विनिता युनिव्हर्सिटीचे वर्ग घरून घेते. डे-केअर चालू आहे, पण बाप डॉक्टर म्हणून चार वर्षांच्या नातीला, श्रियाला, घरीच ठेवलंय. दुपारी तिला मी सांभाळतो. बाकीचा दिवस नुसता उरतो. गाडी चालवता येत नसेल तर या गावात माणूस कोपऱ्यापर्यंत जातो आणि परत येतो.

आज विनिताने तिचा जुना लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "बाबा, सकाळपासून तिसऱ्यांदा डिशवॉशर लावताय. त्यापेक्षा हा गेम खेळून बघा. हॉस्टेलला असताना मी वेडी झाले होते याच्यासाठी."

गेमचं नाव ‘ग्रेवनहोल्ड’, सोळा वर्षांपूर्वीचा. आपण एक माणूस व्हायचं आणि दऱ्याखोऱ्यांच्या मुलखात हिंडायचं. भेटेल त्याच्याशी बोलायचं, तो सांगेल ते काम करून द्यायचं. मी म्हटलं, एकोणसत्तराव्या वर्षी हे काय! पण अक्षरं इतकी बारीक की चष्मा लावूनही वाचता येईनात, आणि ती वाचता येत नाहीत याचाच राग येऊन मी दोन तास बसलो.

१९ एप्रिल

अक्षरं मोठी झाली. गेम जुना म्हणून कंपनीने सोडून दिला, पण जगभरातले लोक घरबसल्या त्यात फेरफार करतात आणि इतरांना फुकट देतात. त्याला मॉड म्हणतात. एक मॉड अक्षरं मोठी करतो, एक पाऊस खराखुरा पाडतो, एक नवं गावच वसवतो. विनिताने पहिला मॉड घालून दिला. पुढचे सात मी घातले.

सरिताला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, वेळ जाईल तुमचा." मग दूध उतू गेलं म्हणून फोन ठेवला.

२ मे

तीन दिवस गेम बंद पडत होता. नदीवरच्या पुलापाशी गेलं की सगळं गायब, समोर कोरा डेस्कटॉप. एकसष्ट मॉड झाले होते. विनिता म्हणाली, "सगळं काढून टाका आणि पहिल्यापासून घाला, बाबा. सगळे तेच करतात."

मी पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात फॉल्ट शोधले. सगळी केबल उखडून कुणी फॉल्ट शोधतं का? मी निम्मे मॉड बंद केले. पूल ओलांडता आला. म्हणजे दोष बंद केलेल्या निम्म्यांत. त्यातले निम्मे चालू केले. असं करत सहाव्या फेरीत चोर सापडला. दोन मॉड एकाच पुलावर हक्क सांगत होते. या मॉडची एक यादी असते आणि यादीत जो खाली, त्याचं चालतं. पावसाचा मॉड वर नेला, पुलाचा खाली आणला, आणि झालं!

मी मोठ्याने "आला!" असं ओरडलो. विनिताचा वर्ग चालू होता. तिच्या विद्यार्थ्यांनी ऐकलं म्हणे.

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी काही दुरुस्त केलं असेल तर सरिताचा मिक्सर, तोही तिने मागाहून दुकानात नेला.

१६ मे

या गेमच्या लोकांचा एक फोरम आहे. कुणाला अडचण आली की तिथे लिहायची, ज्याला कळेल त्याने उत्तर द्यायचं. पुलाबद्दल मी लिहिलं होतं. बावीस जणांनी आभार मानले. आता लोक माझं नाव घेऊन विचारतात. "मुरलीला विचारा, मुरली निम्म्यानिम्म्याने शोधतो."

हेझल नावाची एक बाई आहे, टास्मानियातली, निवृत्त ग्रंथपाल. तिला हवे असलेले दोन मॉड एकमेकांशी भांडतात. त्यांच्यामध्ये घालायला मी एक छोटी फाइल स्वतः करतोय. त्याला पॅच म्हणतात, म्हणजे आपलं ठिगळच. त्यासाठी लागणारा प्रोग्राम शिकायला नऊ दिवस लागले. हेझलला आज दोन पानी उत्तर लिहिलं, एकेक पायरी समजावून. तिने लिहिलं, "मुरली, तू कुठे जाऊ नकोस हं." मी तीनदा वाचलं.

सरिताशी सहा मिनिटं बोललो. ती आता फोन अगदी डोळ्याशी धरते, त्यामुळे मला नुसतं कपाळ दिसतं. "आज वार कोणता हो?" असं विचारत होती. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांचंच तसं झालंय. खालच्या मजल्यावरचा गणेश भाजी आणून देतो. मी म्हटलं, "काही लागलं तर सांग." ती म्हणाली, "काय लागणार मला? तुम्ही नीट राहा."

विमानांचं ऐकतोय. भारत सरकार अडकलेल्यांना न्यायला विमानं पाठवणार आहे. विनिताने माझा फॉर्म भरला. म्हाताऱ्यांना आधी घेणार आहेत म्हणे. छान झालं, असं मी म्हणालो. आतून काय वाटलं ते इथेही लिहीत नाही.

२९ मे, शुक्रवार

सकाळी दहाला ईमेल आली. पाच जूनला सिडनीहून दिल्लीचं विमान, माझं नाव लागलंय. चोवीस तासांत होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.

नेमकं काल मी ठिगळ फोरमवर टाकलं, आणि आज त्याने हेझलचा खेळ मोडला. तिच्या दोन महिन्यांच्या खेळातल्या घराचं दारच उघडेना. चूक माझी. ती दुरुस्त केल्याशिवाय उठणं बरं दिसलं नसतं. दुपारी श्रियाला खाऊ घातलं, मग पुन्हा बसलो. चार वाजता दार उघडलं. हेझलने टाळ्यांची तीन चित्रं पाठवली.

ईमेलला उत्तर उद्या सकाळी देईन. दहापर्यंत वेळ आहे.

३० मे

दिलं नाही.

विसरलो असं लिहिणार होतो. विसरलो नव्हतो. सकाळी आठला ईमेल उघडून वाचली, नऊला पुन्हा वाचली. मग श्रियाला घेऊन अंगणात गेलो आणि तिच्याबरोबर लाल मातीत खड्डा खणला. सव्वादहाला हात धुऊन आत आलो. हात धुताना छाती हलकी झाली होती. त्या हलकेपणाची आता लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

जेवताना शैलेंद्रने मागच्या दारातून विचारलं, "बाबा, त्यांचं काही आलं का हो?"

मी म्हणालो, "यादीत नाव नाही."

शब्द इतके सहज आले की मलाच आश्चर्य वाटलं. विनिता वाढता वाढता थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि मग माझ्या पानात आणखी भाजी घातली. "असू दे बाबा. पुढच्या वेळी लागेल." तिचा आवाज फार मायेचा होता. पोरगी किती समजूतदार आहे!

सरितालाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "मग काय, येईल तेव्हा येईल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मीच जायचं नाही असं ठरवलं, आणि धीर मात्र ती मला देतेय.

७ जून

विमान परवा गेलं. माझ्या जागेवर कुणीतरी बसलं असेल. एखादी बाळंतिणीला बघायला निघालेली आई असेल असं मनाशी म्हणतो. म्हणजे मी उपकारच केला.

खरं कारण लिहून बघतो. घरी गेलो की सकाळी सहाला चहा, पेपर, बँक, भाजी, साडेबाराला जेवण. सरिताला माझ्यावाचून काही अडत नाही. ती तिच्या बायकांत, तिच्या भजनात, तिच्या फोनांत. मी हॉलमधला पंखा बघत बसतो. इथे सकाळी लॅपटॉप उघडला की अकरा जणांचे प्रश्न वाट बघत असतात. ठिगळ चारशे लोकांनी उतरवून घेतलं. दुपारी श्रिया "आबा, it's our time now" म्हणत हात धरून नेते.

म्हणून एका डोळ्याच्या बायकोला एकटीला ठेवायचं? वाक्य लिहिलं की कसं दिसतं बघा. फोनवर बोलताना असं दिसत नाही. फोनवर ती हसते.

१६ जून

दुसऱ्या टप्प्याच्या विमानांसाठी फॉर्म पुन्हा भरायचा होता, मुदत काल संपली. विनिताने या खेपेला आठवण करून दिली नाही. मीही विषय काढला नाही. ती कामात असेल.

२८ जून, रविवार

सरिताचा फोन दोन दिवस आला नव्हता. आज मी केला. तिने फोन डाव्या हातात धरला होता, अर्धाच चेहरा दिसत होता, तोही हलत होता. फोन धरायची अक्कल हिला अजून आली नाही. म्हटलं, "नीट धर की." ती म्हणाली, "धरलाय." जरा दमल्यासारखी वाटली. विचारलं, तर म्हणाली, "उकडतंय, दुसरं काय." मागून गणेशच्या बायकोचा आवाज येत होता, भांडी घासण्याचाही. म्हणजे शेजारपाजार आहे, सोबत आहे. बरं वाटलं.

१ जुलै

आज सकाळी अंगणात गवतावर दहिवर गोठलं होतं. पश्चिमेचा वारा हाडांत शिरतो.

कुणाला तरी सांगावंसं फार वाटत होतं. शैलेंद्रला सांगायची हिंमत नाही, विनिताला तर नाहीच. म्हणून हेझलला लिहिलं. अनोळखी माणूस, वयाने माझ्याएवढी, समजून घेईल असं वाटलं. खरं सांगतो, मला तिच्याकडून माफी हवी होती. लिहिलं की जागा मिळाली होती, मी घेतली नाही, कारण इथे मी कुणाच्या तरी उपयोगाचा आहे. तुझं दार त्याच दिवशी मोडलं होतं, हेही लिहिलं. ते लिहायला नको होतं.

चार तासांनी उत्तर आलं. नेहमी ती पान भरून लिहिते. आज इतकंच होतं:

"माझा नवरा केन अकरा किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात आहे. मार्चमध्ये दारं बंद झाली ती बारा आठवडे उघडली नाहीत. दारं उघडली तेव्हा त्याला मी कोण ते आठवेना. तो वेळ काढायला मी हा खेळ खेळत होते. तुझ्यापुढे दार उघडं होतं, मुरली. माझ्या दाराचं कारण पुढे करू नकोस."

मी पुन्हा लिहिलं, क्षमा मागितली. उत्तर नाही.

१२ जुलै, रविवार

दुपारी दोनला गणेशचा फोन आला. तो मला कधी फोन करत नाही.

"काका, काकूंनी सांगू नका म्हटलंय. पण बायको म्हणाली, न सांगणं बरोबर नाही. त्या पडल्या होत्या."

"कधी?"

"सव्वीस जूनला. बाथरूमच्या दारात पाणी सांडलेलं, दिसलं नाही त्यांना. उजवं मनगट मोडलंय. प्लास्टर केलंय. तसं ठीक आहे आता, जेवणखाण आमच्याकडूनच जातं."

"सव्वीस जूनला," मी म्हणालो. आज बारा जुलै. मध्ये मी तिच्याशी पाच वेळा बोललो होतो.

"काका, एक सांगू? पडल्यावर उठता येईना त्यांना. फोन आतल्या खोलीत. दुधाची पिशवी द्यायला आमची ही वर गेली तेव्हा कळलं. तोवर दोन-अडीच तास झाले होते."

फोन ठेवल्यावर मी हिशेब केला, करायचा नव्हता तरी. पाच जूनचं विमान. दिल्लीत सात दिवस वेगळं ठेवलं असतं. चौदाच्या सुमाराला मी चिंचवडच्या घरात असतो. ती पडली त्याच्या बारा दिवस आधी. बाथरूमच्या दारात सांडलेलं पाणी मला दिसलं असतं. दिसलं नसतं तरी तिची हाक ऐकू आली असती.

अडीच तास. गेमच्या पुलावर मी तीन दिवस दिले होते.

श्रिया येऊन म्हणाली, "आबा, why are you sitting on the floor?" मी खाली बसलोय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

१३ जुलै

काल शैलेंद्रला आईच्या हाताचं सांगितलं. तो लगेच तिच्या डॉक्टरशी बोलला. एक्स-रे फोनवर मागवला, बघितला, म्हणाला, हाड नीट बसलंय. माझ्याबद्दलचं काही सांगितलं नाही. जमलं नाही.

आज सकाळी विनिता एकटी स्वयंपाकघरात होती, श्रियासाठी टोस्ट करत होती. मी म्हटलं, "विनिता, मे महिन्यात माझं नाव लागलं होतं."

तिने टोस्टर बंद केला. वळली नाही.

"माहिती आहे मला, बाबा."

"कसं?"

"फॉर्मवर मोबाइल नंबर माझा दिला होता ना? मेसेज मला पण आला. त्याच वेळी."

ती म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हणून सकाळपासून वाट बघत होते. दहा वाजले, तुम्ही अंगणात गेलात श्रियाला घेऊन. मी खिडकीतून बघत होते. हाक मारता आली असती. नाही मारली."

"का?"

आता ती वळली. डोळे भरले होते. "तुम्ही गेलात तर मी वर्ग कशी घेणार होते? शैलेंद्र तिकडे मागच्या खोलीत, मी इकडे एकटी, श्रिया दिवसभर पायात. तुम्ही होता म्हणून माझी नोकरी टिकली. मी मनाशी म्हटलं, त्यांनाच राहायचंय, मी कशाला मध्ये पडू? आणि दुसरा फॉर्म मी मुद्दाम भरला नाही. आईंचा विचार मनात आला की मी दुसरं काहीतरी काम काढायचे."

आम्ही दोघं उभेच होतो. श्रिया आतून टोस्ट मागत होती.

मी म्हणालो, "दोष माझा आहे. तुझा नाही."

"तसं नका म्हणू," ती म्हणाली. "तुम्ही सगळा घेतलात तर मला आणखी वाईट वाटेल. थोडा माझ्याकडे राहू दे."

संध्याकाळी दोघांनी मिळून शैलेंद्रला सांगितलं. तो दारात उभा राहून ऐकत होता, मास्क लावलेला, नुसते डोळे दिसत होते. ओरडेल असं वाटलं. म्हणाला, "मी रोज लोकांना फोनवर सांगतो, तुम्हाला येता येणार नाही, नाइलाज आहे. त्या वेळी मनात असायचं की माझ्या आईचंही तसंच आहे, नाइलाज आहे." मग तो त्याच्या खोलीत गेला. जेवण दारात ठेवलंय ते अजून तसंच आहे.

१५ जुलै

आज दुपारी दीडला, म्हणजे तिकडे सकाळी नऊला, सरिताला फोन केला. व्हिडिओवर. लिहून काढलं होतं काय बोलायचं ते. कागद समोर ठेवला आणि त्यातलं एक अक्षर बोललो नाही.

आधी म्हटलं, "हात दाखव."

ती म्हणाली, "कुणी सांगितलं? गणेशने ना?" आणि प्लास्टरचा हात वर केला. त्यावर गणेशच्या मुलीने फुलं काढली होती. "काही नाही हो, पंधरा दिवसांत निघेल. तुम्हाला कशाला सांगायचं? तिकडून काय करणार होतात तुम्ही? उगाच जिवाला घोर."

"सरिता, माझं नाव लागलं होतं."

"कसलं?"

"विमानाचं. मेमध्येच. पाच जूनला येता आलं असतं. मी होकार कळवला नाही. तुला खोटं सांगितलं."

तिला आधी समजलंच नाही. "ईमेल मिळाली नाही का वेळेवर?" तिने विचारलं. मला सुटायला तिने स्वतःच वाट करून दिली होती. हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं.

"मिळाली. वाचली. तीनदा वाचली. मला यायचं नव्हतं."

"बरं नव्हतं का तुम्हाला?"

"चांगला होतो. इथे करमत होतं. तो गेम... लोक मला विचारायचे. मी दुरुस्त करून द्यायचो."

तिने फोन टेबलावर ठेवला, उताणा. मला आमच्या स्वयंपाकघराचं छत दिसायला लागलं आणि फिरणारा पंखा. भांड्याचा आवाज आला. नळ सुरू झाला, बंद झाला. एका हाताने ती काहीतरी करत होती, ते पडलं, उचललं. कुकरचं झाकण असावं, डाव्या हाताने लागत नव्हतं. मी "सरिता" म्हटलं. पुन्हा म्हटलं. पंखा फिरत होता. फोन तिने बंद केला नाही, आणि मीही केला नाही. वीस मिनिटं मी ते छत बघत होतो. पंख्याजवळ ओल आली आहे. ती कधी आली मला माहीत नाही.

मग तिचा चेहरा आला. रडलेली नव्हती.

"एक विचारते, खरं सांगा. सुखात होतात?"

"हो."

"पहिले दोन महिने मी पण होते," ती म्हणाली. "साडेबाराला जेवण नाही. भूक लागेल तेव्हा खायचं. रेडिओ मोठ्याने लावायचा. तुमचं विमान लागलं नाही म्हणालात तेव्हा मला वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं. ते मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं. तेव्हाच तुम्ही खरं सांगितलं असतं, तर फिट्टंफाट झाली असं म्हणाले असते."

तिने फोन डब्याला टेकवून ठेवला.

"पण त्या दिवशी पडले ना, तेव्हा तुम्हालाच हाक मारली. अहो, अहो, म्हणून. किती तरी वेळ. मग लक्षात आलं तुम्ही नाही. मनाला सांगितलं, बिचारे तिकडे अडकलेत, त्यांचा काय दोष. त्या एवढ्या एका गोष्टीवर मी ते अडीच तास काढले. तेवढं तुम्ही आज काढून घेतलंत माझ्याकडून."

मी रडलो. तिने रडू दिलं. गप्प करायला आली नाही, एरवी येते.

शेवटी म्हणाली, "आता फॉर्म भरा. जागा मिळाली तर या. नाही मिळाली तर नाही मिळाली, पण ते खरं असू दे." आणि फोन ठेवला.

फॉर्म भरला. या वेळी नंबर माझा दिला.

२ ऑगस्ट

सरिता माझ्याशी बोलत नाही. रोज फोन करतो, ती उचलते, "ठीक आहे", "झालं जेवण", एवढंच. विनिताशी मात्र अर्धा तास बोलते. विनितानेही तिला सगळं सांगितलं म्हणे. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. फोननंतर विनिता कपडे वाळत घालायला गेली आणि दोरीपाशी बराच वेळ नुसती उभी होती.

प्लास्टर निघालं. मूठ अजून पूर्ण वळत नाही.

फोरमवर गेलो होतो. ठिगळ नऊशे लोकांकडे आहे. सतरा प्रश्न पडून होते. सगळ्यांची उत्तरं दिली आणि लिहिलं की मी थांबतोय, कुणाला ही फाइल पुढे सांभाळायची असेल तर घ्या, निम्म्यानिम्म्याने शोधायची रीत सविस्तर लिहून ठेवली आहे. पोलंडच्या एका मुलीने हात वर केला. बोटं कळफलकावरून उचलवत नव्हती, हेही लिहून ठेवतो. पश्चात्ताप झालेला माणूस लगेच बदलतो अशी माझी समजूत होती. मला अजूनही तो खेळ हवासा वाटतो. मग मी लॅपटॉप विनिताला नेऊन दिला.

हेझलचं काही नाही. तिचं नाव यादीत हिरव्या ठिपक्यासह दिसतं, म्हणजे ती येते. मी लिहीत नाही.

१९ ऑगस्ट

सकाळी ९.०५ ला ईमेल. २९ तारखेचं विमान, सिडनीहून दिल्ली. ९.०९ ला होकार पाठवला. मग पोचला की नाही या भीतीने पुन्हा पाठवला.

सरिताला सांगितलं. "बरं," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "डोळ्याचे डॉक्टर पुढच्या महिन्यात दहा तारखेनंतर सुरू करतायत ऑपरेशनं. मी तारीख घेतली नाही अजून. तुम्ही आल्यावर घेईन."

जुलैपासून तिने मला सांगितलेली ही पुढच्या दिवसांतली पहिली गोष्ट.

२८ ऑगस्ट

विनिता गाडीने ब्रिस्बेनला सोडायला आली, तिथून सिडनी. श्रिया मागे झोपली होती. विमानतळावर आत फक्त प्रवाशांना सोडत होते. विनिताने दारात वाकून नमस्कार केला. मी तिला हात धरून उभं केलं.

"बाबा, श्रियाला सोमवारपासून डे-केअरला घालतेय," ती म्हणाली. "जमेल. जमवायला मेमध्येच हवं होतं." शैलेंद्रने काल संध्याकाळी मास्क काढून, दहा फुटांवरून, "आईला जपा," इतकंच म्हटलं होतं. "स्वतःलाही जपा" असं तो एरवी म्हणतो. काल म्हणाला नाही, आणि ते मला पटलं.

सिडनीला हॉटेलात बसून हे लिहितोय. संध्याकाळचे पाच वाजलेत. उद्या विमान, मग दिल्लीत सात दिवस एका खोलीत, मग पुणे.

आत्ता सरिताला फोन केला. विचारलं, "काही आणायचंय का?"

"काही नको. या नुसते." मग म्हणाली, "आणि हे बघा, किल्ली तुमच्याकडे असली तरी आतून कडी असते. बेल एकदाच वाजवा. दोनदा वाजवू नका. मला दारापर्यंत यायला हल्ली वेळ लागतो, आणि बेल पुन्हा वाजली की मी घाई करते."

मी म्हटलं, "एकदाच वाजवेन. मग उभा राहीन."